टपालाचा जमाखर्च

मार्च महिना सरत आला म्हणजे पेढीपासून पतपेढीपर्यंत आणि नगरपालिकेपासून शाळेपर्यंत सगळीकडे हिशोबाची धांदल उडते. टपालकचेरीही तिला अपवाद नाही. वर्षभरात बचतीची खाती किती उघडली, विम्याची प्रकरणे किती झाली, स्पीडपोस्टाची टपाले आणि पार्सले किती गेली, त्यांतून उत्पन्न किती आले, याचे तक्ते तयार होतात. ज्या कचेरीचे आकडे मोठे, तिचे कौतुक होते. ज्या पोस्टमनने अधिक काम आणले, त्याला प्रशस्तिपत्र मिळते. यात गैर काहीच नाही. काम करणाऱ्याच्या पाठीवर थाप पडावी, हे कोणालाही पटेल. परंतु आपण जे खिडकीच्या अलीकडे उभे असतो, त्या आपल्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही. टपालाचा खरा जमाखर्च एवढाच काय? ह्या तक्त्यांत जे मावते तेवढेच टपालखात्याने समाजाला दिले, असे म्हणावयाचे काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेने निघाली की थोड्याच वेळात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन स्टेशने एकामागून एक येतात. रोज लाखो माणसे ती ओलांडतात. पण टपालाच्या दृष्टीने पाहिले तर ही तीन गावे म्हणजे एका इतिहासाची तीन प्रकरणे आहेत. टपालाची मुख्य कामे तीन : निरोप पोचविणे, पैसा पोचविणे, आणि माणसाला पत्ता देणे. पहिले काम बदलापूरच्या नावाशी निगडित आहे, दुसरे अंबरनाथच्या कारखान्यांशी, आणि तिसरे उल्हासनगरच्या बराकींशी. ह्याच क्रमाने आपण जाऊ.

बदलापूर हे नाव कसे पडले, याविषयी ह्या भागात एक कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. मराठ्यांचे स्वार कोकणातून गुजरातेकडे जाता-येताना येथे थांबत, थकलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत, आणि पुढे दौडत. घोडे बदलण्याचे ठिकाण ते बदलापूर. ही लोककथा आहे, शिलालेख नव्हे, हे लक्षात ठेवूनही तिच्यातले मर्म घ्यावे. जुन्या काळी निरोपाचा वेग हा एका घोड्याचा किंवा एका जासुदाचा वेग नसे. तो बदलीचा वेग असे. एकाने दमेपर्यंत धावायचे आणि पुढच्याच्या हाती थैली द्यायची. टपाल म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा विश्वास, ही गोष्ट त्या कथेत नकळत सांगितलेली आहे.

मराठेशाहीत जासूद आणि हरकारे होते, आणि त्यांची यंत्रणा चांगली कसलेली होती. पण ती होती राज्याची. सामान्य रयतेला तिचा उपयोग नव्हता. सावकारांनी आपली स्वतंत्र सोय केलेली असे. हुंड्यांबरोबर त्यांची पत्रेही जात. 1761 सालच्या जानेवारीत पानिपतावर जो अनर्थ झाला, त्याची बातमी उत्तरेच्या वाटेवर असलेल्या नानासाहेब पेशव्यांना प्रथम कळली, ती अशाच एका सावकारी पत्रातून; मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेल्या त्या पत्राची हकीकत मराठी वाचकाला नवी नाही. तिच्यातून आपल्यापुरता अर्थ एवढाच काढावयाचा की, राज्यकर्त्याला टपाल होते, सावकाराला टपाल होते; पानिपतावर गेलेल्या शिपायाच्या घरच्या माणसांना मात्र कोणतेच टपाल नव्हते. परतणाऱ्याच्या तोंडून जे कळेल तेच त्यांच्यासाठी खरे.

इंग्रजांची कंपनी आली, तिनेही आरंभी टपाल आपल्या कारभारापुरतेच ठेवले. 1774 साली वॉरन हेस्टिंग्जने पैसे भरून खाजगी पत्रे पाठविण्याची मुभा दिली. 1837 च्या कायद्याने सरकारी टपालाला कायदेशीर बैठक मिळाली. पण दर अंतरावर ठरत. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र पाठवायचे तर एक रुपया पडे. त्या काळचा रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. अशा दराने पत्र लिहिणार कोण? साहेब लिही, व्यापारी लिही. बाकीच्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती निरोप द्यावा.

हे कोडे सोडविले ते इंग्लंडात रोलंड हिल याने. त्याने टपालाचा हिशोब मांडून दाखविला की, पत्र वाहून नेण्याला खर्च फारसा येत नाही. खर्च येतो तो दर ठरविण्यात, नोंदी ठेवण्यात आणि घेणाऱ्याकडून पैसे वसूल करण्यात. तेव्हा अंतराची भानगडच काढून टाकावी, दर एकच ठेवावा, आणि तो पाठविणाराने आगाऊ भरावा. 1840 साली इंग्लंडात एका पेनीचे तिकीट निघाले. त्याबरोबर टपालाचे उत्पन्न प्रथम खाली आले, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. ज्याने केवळ त्या एका वर्षाचा तक्ता पाहिला असता, त्याने ही सुधारणा फसली असाच निकाल दिला असता. पत्रांची संख्या मात्र पहिल्याच वर्षी दुपटीच्या पुढे गेली होती.

आता एक असा योगायोग सांगतो की जो आपल्या ह्या तीन गावांशिवाय दुसरीकडे सांगून तितकासा रुचणार नाही. ही एकसारख्या दराची कल्पना आशिया खंडात सर्वांत आधी कोठे रुजली? मुंबईत नव्हे, कलकत्त्यात नव्हे. ती रुजली सिंधमध्ये. तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर याने पायी धावणाऱ्या हरकाऱ्यांच्या जागी घोडे आणि उंट आणले. कराचीपासून कोटरी, हैदराबादवरून वर सक्करपर्यंत सिंधू नदीच्या काठाकाठाने टपालाची साखळी बांधली. अंतर कितीही असो, दर अर्धा आणा ठेवला. 1 जुलै 1852 रोजी त्याने तिकिटेही काढली. ‘सिंध डाक’ ह्या नावाने ती जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. पहिले तिकीट लाखेवर उठविलेल्या शिक्क्यासारखे लाल होते. ते हाताळताना तुटे, म्हणून मग कागदावर पांढरे आणि पुढे निळे काढले. कराची, हैदराबाद, सक्कर ही नावे आज उल्हासनगरात घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. ज्या समाजाला पुढे एक दिवस आपला पत्ताच गमवावा लागला, त्याच समाजाच्या भूमीत आशियातले पहिले टपाल तिकीट चिकटविले गेले, ही इतिहासाची थट्टा म्हणावी की नियती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सिंधचा प्रयोग दोन वर्षे चालला आणि 1 ऑक्टोबर 1854 पासून सबंध कंपनी राज्याला एकच दर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्यास जावो. पूर्ण तोळ्याला दोन आणे. म्हणजे ज्याला पूर्वी कलकत्त्याहून मुंबईपर्यंत रुपया पडे, त्याला आता त्याचा आठवा हिस्सा पडू लागला. त्याच सुमारास लोहमार्ग आला. 1853 च्या एप्रिलमध्ये पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि 1856 साली मार्ग घाटपायथ्याकडे खोपोलीपर्यंत गेला तो आपल्या ह्याच गावांवरून. 1863 साली बोरघाट खुला झाला तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते तेच बार्टल फ्रिअर. घोडे बदलण्याच्या गावावरून टपालाची थैली आता घोडा न बदलता पुण्यास जाऊ लागली.

निरोप स्वस्त झाला. पण पैशाचे काय? येथून आपण अंबरनाथला येतो. अंबरनाथ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा, शिलालेख बाळगणारे ते शिवालय उभे राहते. शिलाहारांच्या काळच्या ह्या देवळाखेरीज गावाची दुसरी ओळख विसाव्या शतकात झाली ती कारखान्यांमुळे. 1920 नंतरच्या दशकात विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आला. स्वातंत्र्यानंतर, 1953 च्या सुमारास, संरक्षणखात्याचे कारखाने आले. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर औद्योगिक वसाहत वाढली. घाटावरून, कोकणातून, खानदेशातून आणि उत्तरेतून माणसे आली. माणूस येथे आणि कुटुंब गावी, हा त्या जीवनाचा सांगाडा होता. तो ज्या एका दोऱ्याने शिवलेला होता, त्याचे नाव मनीऑर्डर.

मनीऑर्डर टपालखात्याकडे आली 1880 साली. त्यापूर्वी पैसे पाठविण्याचे काम सरकारी खजिन्याच्या मोजक्या कचेऱ्यांतून चाले आणि खेड्यातल्या माणसाला ते असून नसल्यासारखेच होते. हे काम टपालकचेऱ्यांकडे आल्याबरोबर त्याचे स्वरूपच पालटले, कारण टपालकचेरी गावाजवळ होती आणि पोस्टमन तर दारातच येत होता. त्याच काळात इतरही सुधारणा एकापाठोपाठ आल्या. 1877 साली व्ही. पी. सुरू झाली, 1879 च्या जुलैत पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, 1882 साली टपालकचेरीत बचत बँक उघडली. पाव आणा म्हणजे जुना एक पैसा. एका पैशात सबंध हिंदुस्थान ओलांडणारा निरोप! पुढे मलेरियाने गावेच्या गावे आजारी पडत, तेव्हा बंगालपासून आरंभ करून टपालकचेऱ्यांतून क्विनीनच्या पुड्यासुद्धा विकल्या गेल्या. खाते पत्रांचे, काम औषधाचे. पण गावात सरकारचे दुसरे विश्वासू माणूस नव्हते, म्हणून ते त्याच्याकडे आले.

मनीऑर्डरीच्या अर्जाला खाली एक कुपन असे. त्यावर दोन ओळी लिहिता येत. “पैसे मिळताच कळविणे. आईच्या औषधाची हयगय करू नये.” असा काहीसा मजकूर. पोस्टमन गावी ओसरीवर बसून नोटा मोजी, कुपन वाचून दाखवी, अंगठा घेई, आणि अनेकदा उत्तराचे कार्डही तोच लिहून देई. आता ह्या व्यवहाराचा जमाखर्च कसा मांडावा? वहीत लिहिले जाई ते मनीऑर्डरीचे हशील. पत्रवाचन फुकट, पत्रलेखन फुकट, धीर देणे फुकट. सबंध कोकणाचा संसार ज्या काळी मनीऑर्डरीवर चालत होता असे म्हणतात, त्या काळात टपालखात्याने केवळ हशिलाच्या आकड्यावरून आपल्या कामाचे मोल केले असते, तर आडगावची कचेरी पहिल्या वर्षीच बंद करावी लागली असती.

निरोप आणि पैसा यांच्यापेक्षाही अवघड काम उल्हासनगरात वाट पाहत होते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची एक मोठी छावणी उभारली गेली. कल्याण मिलिटरी ट्रँझिट कँप असे तिचे नाव. सुमारे 6,000 सैनिक आणि 30,000 इतर लोक राहतील अशी तिची मांडणी होती. बराकींची संख्या दोन हजारांवर. युद्ध संपले आणि छावणी ओस पडली. नंतर 1947 साली फाळणी झाली. सिंधमधून आगबोटींनी आणि आगगाड्यांनी माणसे मुंबईकडे आली, आणि त्या ओस छावणीत लाखाच्या घरात माणसे येऊन राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून ह्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. उद्ध्वस्त होऊन आलेल्या माणसांच्या गावाला उल्हासाचे नाव! पण ते पुढे त्यांनीच खरे करून दाखविले.

आता टपालाच्या बाजूने ह्या प्रसंगाकडे पाहा. लाखभर माणसे अशी की ज्यांचा जुना पत्ता गेला आणि नवा अजून झाला नाही. भाऊ एका छावणीत, बहीण दुसऱ्या प्रांतातल्या छावणीत, काका अजून मागेच. पत्र लिहिणाऱ्याला कोणत्या गावी लिहावे हे कळत नाही, आणि वाट पाहणाऱ्याला आपण कोठे आहोत हे कोणाला कळविता येत नाही. ज्याला घर नाही त्याला छप्पर देता येते. पण ज्याला पत्ता नाही त्याला तो एकट्याला मिळवता येत नाही. पत्ता ही दोन माणसांमधली गोष्ट आहे. तो कोणीतरी मान्य करावा लागतो, आणि त्या पत्त्यावर पत्र येऊन पोचले म्हणजेच तो खरा होतो.

उल्हासनगरचा पत्ता बनला तो लष्करी आकड्यांतून. बराक नंबर अमुक, खोली नंबर तमुक, सेक्शन अमुक, कँप एक, दोन, तीन, चार किंवा पाच. गल्लीला नाव नाही, वाड्याला नाव नाही, आळीला देव नाही, नुसते आकडे. ज्यांच्या बापजाद्यांच्या हवेल्यांना नावे होती, ती माणसे आकड्यांत राहू लागली. हा पत्ता रुक्ष होता हे खरे. पण तो पोचत होता. त्या बराकीच्या आकड्यावर नातेवाइकांची पत्रे आली, मुलांच्या परीक्षांचे निकाल आले, मालाच्या मागण्या आल्या. पुढे ह्याच खोल्यांतून पापड, कपडे, लाकडी सामान, नाना तऱ्हेचा किरकोळ माल यांचे धंदे उभे राहिले, आणि ‘यु. एस. ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद सगळ्या देशात पोचला. भांडवलाशिवाय धंदा सुरू करणाऱ्याला दुकानाची जागा नसली तरी चालते. परंतु माल मागविणाऱ्याचे पत्र आणि व्ही. पी.चे पैसे ज्यावर येतील असा पत्ता लागतोच. निर्वासितांच्या पुनर्वसनाच्या हकीकतीत घरे, कर्जे आणि शाळा यांचे आकडे येतात; बराकीबराकींतून नाव शोधीत फिरलेल्या पोस्टमनचा आकडा कोठे येत नाही.

ह्याच ठिकाणी एका मराठी माणसाचे स्मरण करणे अगत्याचे आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे व्यासंगी कवी, आणि पोटापाण्याचा व्यवसाय टपालखात्यातली उच्च अधिकाराची नोकरी. देशात एकाच नावाची गावे अनेक, भाषा अनेक, लिप्या अनेक, आणि पत्ते लिहिण्याच्या तऱ्हा तर माणसागणिक वेगळ्या. पत्रे निवडणाऱ्याने किती लिप्या शिकाव्यात? वेलणकरांनी उत्तर दिले ते आकड्यांत. 15 ऑगस्ट 1972 रोजी सहा आकड्यांचा पिन कोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, पहिले दोन मिळून उपविभागाचे, पहिले तीन मिळून टपाल निवडण्याच्या जिल्ह्याचे, आणि शेवटचे तीन पत्र वाटणाऱ्या कचेरीचे. आपल्याकडे पाहा : 421 हा ठाणे जिल्ह्याच्या ह्या भागाचा, उल्हासनगरचे पिन 421001 पासून 421005 पर्यंत, अंबरनाथचा 421501, तेथल्या आयुध कारखान्याच्या वसाहतीचा 421502, आणि बदलापूरचा 421503. ज्या गावात सिंधी अरबी वळणाने आणि देवनागरीतही लिहिली जाते, आणि शेजारी मराठी, हिंदी व इंग्रजी चालतात, तेथे ह्या सहा आकड्यांचे मोल अधिक सांगण्याची गरज नाही. बराकीच्या आकड्याने माणसाचे नाव झाकले होते. पिनच्या आकड्याने ते सुखरूप दारापर्यंत पोचविले.

येथवरचा इतिहास पाहिला म्हणजे एक सूत्र हाती लागते. एकसारखा दर, पोस्टकार्ड, मनीऑर्डर, बचत बँक, पिन कोड, ह्यांपैकी कोणत्याही सुधारणेचे फळ त्या वर्षीच्या मार्चअखेरच्या तक्त्यात दिसले नसते. प्रत्येक वेळी टपालखात्याने आधी स्वतःकडे काही झीज घेतली आणि लोकांचे काम सोपे केले. लोकांचा विश्वास मागाहून आला, आणि उत्पन्न त्याच्याही मागून. हा क्रम उलटा करता येत नाही.

आता आजच्या स्थितीकडे येऊ. 1947 साली देशात टपालकचेऱ्या 23,344 होत्या. आज त्या दीड लाखाहून पुष्कळ अधिक आहेत, आणि त्यांतील दहांतल्या सुमारे नऊ खेड्यांत आहेत. परंतु पत्र लिहिण्याची चाल उरली नाही. तार 2013 च्या जुलैत बंद झाली. कागदी मनीऑर्डर 2015 साली गेली व तिची जागा यंत्रावरून जाणाऱ्या मनीऑर्डरीने घेतली. 2019 साली वृत्तपत्रांतून असे प्रसिद्ध झाले की, खात्याची वार्षिक तूट 15,000 कोटी रुपयांच्या घरात गेली आहे; पन्नास पैशांच्या एका पोस्टकार्डामागे खात्याला 12 रुपये 15 पैसे खर्च येतो, असाही हिशोब त्यात होता. हे आकडे डोळ्यांआड करून केवळ जुन्या आठवणींवर भाषणे करणे हा प्रामाणिकपणा नव्हे. एवढी तूट म्हणजे अखेर आपल्याच करांचा पैसा. तेव्हा खात्याने उत्पन्न वाढवावे, पार्सलाचा धंदा करावा, बचतीची खाती मिळवावीत, ही अपेक्षा रास्तच आहे.

आणि खाते स्वस्थ बसलेले नाही, हेही मान्य केले पाहिजे. 1986 साली स्पीडपोस्ट आले. 2018 च्या सप्टेंबरात टपालखात्याची पेमेंट्स बँक निघाली, आणि आधार क्रमांकावर अंगठा घेऊन दारात पैसे देण्याची सोय झाली. 2020 च्या टाळेबंदीत, माणसाने माणसाजवळ जाऊ नये असे दिवस असताना, पोस्टमनांनी औषधे पोचविली आणि घरी जाऊन पैसे दिले. त्याच वर्षी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा हयातीचा दाखला दारात करून देण्याचे कामही त्यांच्याकडे आले. अंबरनाथसारख्या कारखान्यांच्या गावी, जिन्यावरून उतरणे ज्यांना कठीण झाले आहे अशा निवृत्त कामगारांना ह्या एका सोयीचे किती अगत्य आहे, हे त्यांच्या घरच्यांना विचारावे. 2025 साली देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीडपोस्टात मिळविण्यात आले. 2025 च्या मे महिन्यात डिजिपिन नावाचा नवा संकेतांक आला. त्याने चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद एवढ्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा पत्ता मिळतो. बराकीच्या आकड्यापासून सुरू झालेली गोष्ट येथवर आली आहे.

परंतु त्याचबरोबर जुना कायदाही बदलला. 1898 च्या कायद्याने पत्रे वाहण्याचा खास हक्क सरकारकडे राखला होता. 18 जून 2024 पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यात तो खास हक्क नाही. म्हणजे आता टपालखाते बाजारात इतरांच्या पंक्तीला बसले. बाजारात बसणाऱ्याला साहजिकच वाटते की, जेथे नफा तेथे जावे. नेमकी येथेच आमची काळजी आहे. खाजगी कुरियर बदलापूरच्या स्टेशनजवळच्या इमारतींत आनंदाने येईल. बारवी धरणाकडच्या रानातल्या ठाकर-कातकऱ्यांच्या पाड्यावर तो जाईल काय? तेथे जाणारा शाखा टपालकचेरीचा डाकसेवक हा आजही त्या जुन्या हरकाऱ्याचा वारस आहे.

दुसरी काळजी गावांच्या वाढीची. 2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती. 2011 साली ती 1 लाख 74 हजारांवर गेली. अंबरनाथ अडीच लाखांवर, आणि उल्हासनगर पाच लाखांवर पोचले. त्यानंतरच्या काळात किती इमारती उठल्या, हे आपण रोज गाडीच्या खिडकीतून पाहतो. मुंबईत घर न परवडलेला माणूस येथे येतो. त्यालाही एका अर्थाने पत्ता बदलावा लागलेला असतो. बँकेचे पत्र, पारपत्र, आधारपत्र, नोकरीचे बोलावणे हे सर्व नव्या पत्त्यावर यावे लागते. आणि इमारतीला नाव आहे पण रस्त्याला नाही, अशी स्थिती असली म्हणजे ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन टपाल परत जाते. 1949 सालचा प्रश्न संपलेला नाही. फक्त त्याने कपडे बदलले आहेत.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की, टपालाचा वार्षिक हिशोब दोन वह्यांत लिहिला जावा. एक वही आहेच : उत्पन्नाची, खात्यांची, पार्सलांची. तिच्या शेजारी दुसरी वही ठेवावी आणि तिच्यात असे आकडे असावेत. वाटपासाठी आलेल्या शंभर टपालांपैकी ठरल्या दिवशी किती पोचली? किती परत गेली, आणि कोणत्या कारणाने? मागच्या मार्चात उघडलेल्या बचतखात्यांपैकी ह्या मार्चात किती जिवंत आहेत? कारण खाते उघडले की पहिल्या वहीतला आकडा वाढतो. पण गरिबाच्या गाठीला पैसा बांधला जातो तो खाते चालले तर. एका पोस्टमनच्या वाट्याला घरे किती येतात? दहा वर्षांत गाव दुप्पट झाले, तर पोस्टमन किती वाढले? खिडकीपुढच्या म्हाताऱ्या माणसाला किती वेळ उभे राहावे लागले? हे आकडे गोळा करणे आज अवघड नाही. प्रत्येक स्पीडपोस्टाचा माग यंत्रावर दिसतो आणि पोस्टमनच्या हाती उपकरण असते. ज्या कचेरीची दुसरी वही चांगली, तिचाही सत्कार व्हावा. आणि ह्या वहीत आपलाही एक रकाना असावा : आपण पत्ता पुरा लिहितो काय, पिन घालतो काय, इमारतीवर क्रमांक लावतो काय, दाराशी आलेल्या पोस्टमनला नावाने ओळखतो काय?

अखेर एक गोष्ट. 3 मे 2025 रोजी भारत सरकारने पाकिस्तानातून येणारे सर्व टपाल आणि पार्सले स्थगित केली. त्यामागची कारणे राष्ट्राच्या सुरक्षिततेची होती, आणि त्यांचा विचार करण्याचे हे स्थळ नव्हे. 1965 आणि 1971 च्या युद्धांतही ही वाट बंद झाली होती. पण ती बातमी वाचताना आमच्या मनात सहज येऊन गेले की, उल्हासनगरात कोणा घरी एखाद्या पेटीच्या तळाशी कराचीचा किंवा सक्करचा शिक्का असलेले एखादे जुने पाकीट अजून जपून ठेवलेले असेल. त्यावर जुने नाव असेल, बराकीचा नंबर असेल, कँपचा आकडा असेल. पाठविणारा नाही, वाटणारा पोस्टमन नाही, कदाचित ती बराकही आता नाही. टपालखात्याच्या दृष्टीने तो व्यवहार त्याच दिवशी पुरा झाला आणि त्याचे आणे त्याच वर्षी जमेस धरले गेले. त्या घराच्या वहीत मात्र ते पाकीट अजून जमेच्याच बाजूला आहे.